होळीच्या आधीचा रविवार

आमच्या रविवारच्या क्रिकेट लीगचा नियम साधा होता. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सीझन सुरू, होळीच्या आधीच्या रविवारी फायनल. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मी लीगची सेक्रेटरी झाले तेव्हा आधीच्या सेक्रेटरींनी एक पत्र्याची पेटी, दोन स्कोअरबुकं आणि हे एक वाक्य माझ्या हवाली केलं. पेटी आणि स्कोअरबुकं मी कपाटात ठेवली आणि ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं, कारण तोंडी कारभारावर माझा विश्वास नाही.

लीगमध्ये मी आले ती नवऱ्यामुळे. तो हुडकेश्वरच्या संघाचा कप्तान, डावखुरा फिरकी गोलंदाज, आणि लग्नाच्या आधीपासून रविवारी सकाळी घरात न सापडणारा माणूस. मुलगी लहान असताना मी तिला घेऊन सक्करदऱ्याकडच्या मैदानावर जाऊन बसायची. एका रविवारी स्कोअरर आला नाही. कोणीतरी वही माझ्या मांडीवर ठेवली, आणि सामना संपला तेव्हा फलंदाजांच्या धावा आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा यांची बेरीज जुळली. लीगमध्ये हे पहिल्यांदाच घडलं, असं अंपायर काका म्हणाले. काका म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आठही संघांचा त्यांच्यावर विश्वास होता, आणि आठही संघांची त्यांच्याबद्दल तक्रारही होती. त्या दिवसापासून माझी जागा टेबलामागे ठरली ती ठरलीच.

दसऱ्याच्या आधी खेळता येत नाही याची दोन कारणं होती. एक मातीचं. आमचं मैदान काळ्या मातीचं. परतीचा पाऊस थांबून ती वाळेपर्यंत बूट आत रुततो आणि खाली ओल असली की मॅट नीट ताणली जात नाही. दुसरं कारण पूजेचं. दसऱ्याला प्रत्येक संघ आपापल्या बॅट, स्टंप, ग्लोव्हज पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू लावतो, वर आपट्याचं पान ठेवतो. पूजा न झालेली बॅट घेऊन उतरायला कोणी तयार नसतं. शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाला आजही विचारतात, "काहून गा, पूजा केली नव्हती काय?" होळीनंतर खेळायचं नाही, कारण होळीनंतर नागपुरात ऊन असतं. याचं आणखी स्पष्टीकरण कोणी देत नाही.

चूक माझी होती. ती नेमकी काय होती हे सांगते.

त्या वर्षी अधिक महिना आला होता. मला तो माहीत होता. माझ्या आईने जावयाला तेहतीस अनारशांचं वाण दिलं होतं. मी ते मोजून डब्यात भरले होते आणि नवऱ्याने ते चार दिवसांत संपवले होते. पण अनारसे आणि क्रिकेट यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पोळा झाल्यावर मी नेहमीप्रमाणे वेळापत्रक करायला बसले. दसरा पाहिला, पुढच्या वर्षीची होळी पंचांगातून काढली, मधले रविवार मोजले. एकवीस. दरवर्षी एकवीस किंवा बावीसच असतात. दिवाळी, शाळेच्या स्पर्धांसाठी मैदान जाणार ते रविवार, अर्धा संघ वरातीत असेल असे लग्नाचे मुहूर्त वजा केले, सामने बसवले, आणि सगळं बरोबर बसलं म्हणून पेन बंद केलं. संख्या तीच होती. पण अधिक महिन्यामुळे दसरा आणि होळी दोन्ही जवळजवळ तीन आठवडे पुढे सरकले होते, आणि त्यांच्याबरोबर माझे एकवीस रविवार अख्खेच्या अख्खे उन्हाकडे सरकले होते. मी रविवार किती आहेत ते तपासलं, ते कुठे पडतात ते तपासलं नाही.

आठही कप्तानांनी वेळापत्रकावर सह्या केल्या. नवऱ्यानेही केली.

फायनल मार्चच्या तिसऱ्या रविवारी आली. हुडकेश्वर हरलं होतं ते सेमीफायनलमध्ये. त्यामुळे त्यांच्या वाट्याला आधी होणारा तिसऱ्या क्रमांकाचा सामना यायला हवा होता, पण मैदानाची चावी उशिरा आली, फायनलवाले आधी आले होते म्हणून काकांनी त्यांना आधी उतरवलं, आणि नवऱ्याचा संघ साडेदहानंतर मैदानात गेला. दुपारी एकच्या सुमाराला तो मिड-ऑफला उभा होता. एक सोपा चेंडू त्याच्या पायांतून गेला. कोणीतरी ओरडलं, "कप्तानसाहेब, झोपले काय?" तो हसला नाही. वळून चेंडू आणायला गेला आणि चेंडूपाशी पोचून नुसता उभा राहिला.

काका त्याच्याकडे चालत गेले. मी टेबलावरून पाहत होते. काकांनी त्याच्या मानेला हात लावला आणि तो हात माझ्या दिशेने उंच केला. मी वही तशीच टाकून धावले. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि शर्ट कोरडा होता. अडीच तास उन्हात असलेल्या माणसाचा शर्ट कोरडा.

"अवं, पोरगी आली का पेपरहून?" त्याने मला विचारलं.

मुलगी तेव्हा पुण्याला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती.

कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणली. कोराडीच्या कॉलनीच्या संघातल्या दोघांनी त्याला बुटांसकट उचलून सावलीत नेलं. वीज केंद्रात भट्टीजवळ काम करणारे ते लोक, त्यांना काय करायचं ते ठाऊक होतं. काखेत, मानेवर, जांघेत बर्फ. कपडे ओले. एकाने स्कोअरबोर्डाच्या पत्र्याने वारा घातला. रुग्णालयात दोन दिवस ठेवलं. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की एकदा असं झालेल्या माणसाला पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, आणि पुढच्या वेळी जवळ इतकी माणसं आणि इतका बर्फ असेलच असं धरून चालू नका.

मी हे वाक्य वहीत लिहिलं नाही. लिहायची गरज पडली नाही.

पुढच्या बैठकीत मी दोन सूचना मांडल्या. सीझन तिथीने नाही, तारखेने ठरवावा. आणि मार्चच्या पहिल्या रविवारी तो बंद व्हावा, मग होळी कधीही असो.

बैठक आमच्याच घरी होती, पोळ्यानंतरच्या शनिवारी. आठ कप्तान, काका आणि मी. कोराडीचा कप्तान, आमच्या मुलीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा, चहा फुंकत म्हणाला, "वहिनी, तिथी सोडली तर दसऱ्याची पूजा कशी धराल? पूजा व्हायच्या आधी कोण खेळेल?"

"आधी खेळू नका. सुरुवात दसऱ्यानंतरच करा. शेवट फक्त लवकर करू."

"मग दोन रविवार कटले ना. सगळे सगळ्यांसोबत कसे खेळतील?"

"अधिकाच्या वर्षी दोन गट करू. प्रत्येकाला साखळीत सातच्या ऐवजी तीन सामने मिळतील."

खोलीत एकदम गलका झाला. तीन सामन्यांसाठी आठ महिने वाट पाहायची का, असं प्रत्येक जण वेगवेगळ्या शब्दांत म्हणत होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बिस्किट बुडवत होता.

"अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येते," तो म्हणाला. "येईल तवा पाहू."

"तुम्ही तर बोलूच नका," मी म्हणाले. "तुम्हाला मुलीचा पेपर आठवत होता."

सगळे हसले. तोही हसला. ठराव पडला. काकांनी मात्र मध्यस्थी केली आणि एक गोष्ट मंजूर करून घेतली: पंधरा मार्चनंतर होणारा कोणताही सामना सकाळी अकराला थांबेल. चालू असलेली ओव्हर पूर्ण होईल, नवीन सुरू होणार नाही. तोवर दुसरा डाव संपला नसेल तर सरासरी धावगतीवर निकाल. घड्याळ स्कोअररचं. मी ते लगेच लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, कोणाचं मन बदलायच्या आत.

पुढची काही वर्षं होळी वेळेवर येत राहिली आणि अकराचा नियम कोणाच्या लक्षातही राहिला नाही. मधे एकदा अधिक महिना आला तेव्हा साथीमुळे सगळंच बंद होतं, मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं. मी मात्र दर पोळ्याला दोन वर्षं पुढचं पंचांग पाहायची. पुढचा अधिक महिना कोणत्या वर्षी आहे, त्या वर्षी नवरा किती वर्षांचा असेल. तो चोपन्नाचा असणार होता. त्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. मी त्याला स्कोअरर हो म्हटलं, अंपायर हो म्हटलं, बारावा खेळाडू हो म्हटलं. तो म्हणायचा, "मी बॉलिंग करतो. मले दुसरं काही येत नाही."

आणि ते वर्ष आलं. आईने आता थकलेल्या हातांनी अनारसे केले. मी ते डब्यात भरले आणि त्याच दिवशी लीगचं वेळापत्रक काढलं. यावेळी मी सगळं केलं. सकाळचे सामने सातला लावले. राखीव रविवार पुढे ठेवले. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून स्पर्धांचा एक रविवार परत मिळवला. फायनल दोन मार्चच्या आसपास यावी असा सगळा बेत होता. जानेवारीपर्यंत बेत टिकला. मग फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या, पुढच्या रविवारी परत पाऊस, आणि काळी माती वाळायला तिसरा रविवार गेला. मी रोज संध्याकाळी घरी जाताना मैदानावर थांबायची. टाचेने माती दाबून पाहायची. टाच आत जायची. मैदानाचा राखणदार म्हणायचा, "बाई, तुमच्या पायानं वाळणार आहे का ते?"

हुडकेश्वरचा संघ त्या वर्षी एकही सामना हरला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो फायनलला गेला. समोर कोराडी. दिवस, मार्चचा तिसरा रविवार.

नवरा घरात गुणगुणायला लागला. मी रात्री उठून त्याच्या बॅगेत मिठाचे पुडे, ओले टॉवेल गुंडाळायची पिशवी, दुसरा शर्ट, तिसरा शर्ट ठेवायची आणि सकाळी तो हसत हसत अर्धं बाहेर काढायचा. रसवंतीवाल्याला मी आधीच बर्फ सांगून ठेवला. ओळखीच्या रिक्षावाल्याला नऊपासून फाटकाशी थांबायला सांगितलं. अँब्युलन्सचा नंबर स्कोअरबुकाच्या आतल्या कव्हरवर लिहिला. यापेक्षा जास्त काय करता येईल ते मला सुचत नव्हतं, आणि सुचत नव्हतं म्हणून झोप येत नव्हती.

कोराडीवाले उशिरा आले. त्यांच्यातल्या चौघांची रात्रपाळी होती, पाळी बदलायला वेळ लागला, पहिली बस सुटली. नाणेफेक सव्वाआठला झाली. माझ्या हिशोबाने वीस-वीस ओव्हर अकराच्या आत कशाच बसत नव्हत्या. मी काकांना तसं सांगितलं. काकांनी दोन्ही कप्तानांना बोलावून विचारलं, ओव्हर कमी करायच्या का. दोघंही म्हणाले, नाही, वीसच, आम्ही भरभर टाकू.

"अकराला थांबेल हं," मी म्हणाले.

"थांबू ना, वहिनी," कोराडीचा कप्तान म्हणाला. नवरा बोटांना माती चोळत होता.

हुडकेश्वरने आधी फलंदाजी केली. एकशे अठरा. कोराडी पाठलागाला उतरलं आणि नवरा उन्हात गेला. मी स्कोअरबुकाच्या उजव्या मार्जिनमध्ये एक जास्तीचा रकाना आखला होता. प्रत्येक ओव्हरनंतर त्याच्या पाठीकडे पाहून त्यात लिहायचं: ओला, किंवा कोरडा. शेजारी बसलेल्या हुडकेश्वरच्या बाराव्या खेळाडूने विचारलं, "वहिनी, हे काय लिहून राहिले? मॅटबद्दल आहे का?" मी हो म्हटलं.

पहिल्या आठ ओव्हर ओला. नवव्या ओव्हरला मी त्याला शर्ट बदलायला लावला, ती माझी दुसरी चूक, कारण नवा शर्ट पांढराशुभ्र होता आणि त्याच्यावर लांबून काही दिसेना. तो बॉलिंगला आला आणि चांगली बॉलिंग करत राहिला. तीन विकेट घेतल्या. चौथी घेतली. तेरा ओव्हरनंतर कोराडीचे नऊ बाद होते. त्यांचे शेवटचे दोघं बॅट कशी धरायची तेवढंच जाणत होते. सामना आमचा होता, हे मैदानावरच्या गुराख्यालाही कळत असेल. माझ्या घड्याळात दहा सत्तावन्न झाले होते.

चौदावी ओव्हर दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाने टाकली. दोघांपैकी एकाने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू सीमेपार गेला. ओव्हर संपली तेव्हा चौऱ्याऐंशी धावा. मी भागाकार आधीच करून ठेवला होता. हुडकेश्वरची धावगती पाच पूर्णांक नऊ. कोराडीची आता सहा.

अकरा वाजले होते. अकराला पाच सेकंद कमी नव्हते, अकराच.

नवऱ्याने चेंडू जवळजवळ पळत येऊन घेतला होता आणि तो रनअपच्या खुणेवर उभा होता. काका स्टंपांमागून माझ्याकडे पाहत होते. घड्याळ स्कोअररचं. बारावा खेळाडू हळूच म्हणाला, "वहिनी, एक मिनिट पुढं असेल ना तुमचं घड्याळ. राहतेच असं."

एका ओव्हरचा प्रश्न होता. कदाचित तीन चेंडूंचा. मी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि मला ओला की कोरडा ते कळलं नाही. नवव्या ओव्हरपासूनच कळलं नव्हतं. तेव्हापासूनच्या ओळींसमोर रकाना रिकामा होता. मी खेळ थांबवायच्या खुणेचं लाल कापड घेतलं, उभी राहिले आणि ते हलवलं.

काकांनी बेल्स काढल्या.

नवरा खुणेवरून हलला नाही. मग त्याने चेंडू काकांच्या हातात ठेवला, कोराडीच्या दोन्ही फलंदाजांशी हात मिळवले आणि मैदानाबाहेर चालत आला. माझ्या टेबलाच्या समोरून गेला. मी ओला टॉवेल पुढे केला. त्याने तो घेतला, डोक्यावर ठेवला आणि सावलीत बसला. मी त्याला मुलीचं नाव, आजची तारीख, स्कोअर, सगळं विचारलं. त्याने सगळं बरोबर सांगितलं. स्कोअर तर दशांशापर्यंत सांगितला.

कोराडीचा कप्तान कप घ्यायला पुढे येईना. "आम्ही उशिरा आलो आणि आम्हीच कप न्यायचा काय," तो म्हणाला. त्याच्या संघातला कोणीतरी ओरडला, "घे बे, प्लांटच्या राखेत ठेवू त्याले," आणि मग त्याने घेतला.

आम्ही स्कूटरने घरी निघालो. तो चालवत होता, मी मागे. रस्ता रिकामा होता. मानेवाड्याच्या चौकात लाल दिव्याला थांबलो तेव्हा तो पुढे पाहतच म्हणाला, "घाम येऊन राहिला होता मले."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट कोरडा होता. पण स्कूटरवर वारा लागला की शर्ट वाळतो. काहीच कळत नव्हतं.

आठवडाभर मी ते रकाने पाहत होते. त्याला काहीच झालं नव्हतं, आणि काहीच झालं नव्हतं म्हणून मी बरोबर होते की चुकले हे कोणी सांगू शकत नव्हतं. पंधरावी ओव्हर झाली असती तर हुडकेश्वरकडे कप असता आणि तो धडधाकट घरी आला असता, हे शक्य होतं. बहुधा तसंच झालं असतं. तो माझ्याशी नीट बोलत होता, भाजी आणत होता, गोळी वेळेवर घेत होता. फक्त क्रिकेटचं काही बोलत नव्हता. आमच्या घरात एवढी शांतता कधी नव्हती.

पोळा झाल्यावर बैठकीचा दिवस आला. मी माझे जुने दोन्ही ठराव पुन्हा टाइप केले होते आणि हरायची तयारी ठेवली होती. विषयपत्रिकेत पहिलाच विषय नवऱ्याने घातला होता. काय, ते मला सांगितलं नव्हतं. मी इतिवृत्ताची वही उघडून बसले. मला वाटलं, आता अकराचा नियम रद्द करायची सूचना येणार आणि ती मला माझ्याच अक्षरात लिहावी लागणार.

तो उभा राहिला. उभं राहून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

"सीझन मार्चच्या पहिल्या रविवारी बंद," तो म्हणाला. "होळी कधी का असेना. अधिक असला तर दोन गट. तीन-तीन सामने."

कोराडीचा कप्तान म्हणाला, "भाऊ, गेल्या फायनलला तुमच्या चार विकेट होत्या. तुम्ही सातचे तीन करून राहिले?"

"हो. सात खेळायचे, मग शेवटी मधातूनच उठायचं, त्यापेक्षा तीन पुरते खेळू."

"अन् अकराचा नियम?"

"तो काढा. पंधरा मार्चनंतर खेळणारच नाही तर तो कशाले पाहिजे."

मी पेन थांबवलं. मला दोन्ही हवे होते, तारीखही आणि अकराही. गेल्या फेब्रुवारीत आम्ही तीन रविवार पावसात घालवले होते. ते परत घडलं तर फायनल परत पुढे जाणार, पुन्हा तेच ऊन, आणि यावेळी हातात काही नाही. मी हे सगळं एका दमात सांगितलं. माझा आवाज मला स्वतःला आवडला नाही.

"पावसानं दिवस गेले तर काय कराल?" मी शेवटी विचारलं.

खोलीतले सगळे त्याच्याकडे पाहत होते, कारण दशांशाने कप घालवलेला तोच होता.

"तर फायनल नाही," तो म्हणाला. "दोघांनी कप अर्धा-अर्धा ठेवायचा. सहा महिने यांच्याकडे, सहा आमच्याकडे."

"अन् आमच्याकडे आलाच तर?" कोराडीचा कप्तान म्हणाला.

"तर राखेत ठेवा."

काका हसले. हात वर झाले: पाच बाजूने, तीन विरुद्ध. मी ठराव लिहिला. सीझनची सुरुवात दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, शेवट मार्चचा पहिला रविवार. अधिकाच्या वर्षी दोन गट. अकराचा नियम रद्द. फायनल न झाल्यास कप दोन्ही संघांत वाटून. मी एकदा वाचून दाखवलं, 'वाटून' या शब्दावर कोणी हरकत घेतली नाही, म्हणून वही नवऱ्यापुढे सरकवली. सूचक म्हणून सही त्याची लागत होती.